भिजलेलें धान्य जातें कोठें?

महसूल खात्यांत पस्तीस वर्षें कारकुनी करून गेल्या सालीं आम्ही गांवीं परतलों. ह्या पस्तीस वर्षांत अवकाळी पावसाचे, गारपिटीचे व महापुराचे किती पंचनामे आमच्या हातांखालून गेले त्याची गणती नाहीं. गट क्रमांक, खातेदाराचें नांव, पीक, बाधित क्षेत्र, नुकसानीचें प्रमाण, पंचांच्या सह्या, हे सारे रकाने आम्हांस झोंपेंतहि पाठ म्हणतां येतील. नुकसान शेंकडा ३३ किंवा त्याहून अधिक असेल तर साहाय्य मिळावें, कमी असेल तर मिळूं नये, असा दंडक २०१५ सालीं घालण्यांत आला; त्या दंडकाबरहुकूम आम्हीं शेंकड्यांनीं याद्या केल्या. परंतु एक रकाना त्या नमुन्यांत कधींच नव्हता, आणि तो नाहीं ही गोष्ट नोकरींत असेपर्यंत आमच्या ध्यानांतहि आली नाहीं. तो रकाना असा : जें धान्य भिजलें, काळें पडलें, बुरसलें, तें पुढें कोठें गेलें?

हा प्रश्न गेल्या सुगींत आमच्याच दारांत येऊन उभा राहिला. कृष्णाकाठीं आमची थोडी वडिलार्जित जमीन आहे. तींतील दीड एकरांतला भुईमूग उपटून वेल शेतांतच सुकत घातले होते. आकाश स्वच्छ होतें म्हणून कोणीं फारशी घाई केली नाहीं. तिसऱ्या दिवशीं पाऊस आला, तो सलग तीन रात्री कोसळला. ऊन पडल्यावर पाहतों तों वेल खालून कुजत चाललेले, कित्येक शेंगांस मोड आलेले, आणि शेंग फोडून पाहिल्यास दाण्यांवर हिरवट-पिवळी भुकटी. घरच्या बायकांनीं निवड केली. चांगली शेंग पोत्यांत भरून बाजाराला गेली. मध्यम होती ती घाण्यावर गेली. अगदींच खराब अशी सुमारें दोन पोतीं उरली. शेतकऱ्याच्या घरीं उकिरड्यावर टाकावयाची वस्तु फार थोडी. ती शेंग भरडून दुभत्या गाईच्या आंबोणांत मिसळावी असें आम्हीं ठरविलें.

त्या वेळीं आमची सून नातवाला मांडीवर घेऊन ओसरीवर बसली होती. ती म्हणाली, "मामंजी, जी शेंग आपण ताटांत घेत नाही ती गाईला घातली, आणि गाईचं दूध ह्याला पाजलं, तर शेंग खाल्ली कुणी?" आम्ही प्रथम रागावलों. पिढ्यान्‌पिढ्या असेंच चालत आलें आहे, असें आम्हीं तिला सुनावलें. परंतु रात्रीं झोंप लागली नाहीं. तिचा प्रश्न आणि पंचनाम्यांत नसलेला तो रकाना हीं दोन्हीं एकच आहेत, असें राहून राहून मनांत येऊं लागलें. पुढें आम्हीं ह्या विषयावर जें मिळालें तें वाचलें, तालुक्याच्या गांवीं जाणत्यांस विचारलें, आणि जें मत बनलें तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें मत थोडक्यांत असें. आपल्या देशाची अन्नसुरक्षेची व्यवस्था दुकानाच्या फळीपासून सुरू होते. आजार मात्र पुष्कळदां खळ्यापासून सुरू होतो. व्यवस्था सुधारावयाची तर ती खळ्यापर्यंत आली पाहिजे. पण ती दंडुका घेऊन नव्हे, तर ताडपत्री, तपासणी आणि भरपाई घेऊन आली पाहिजे. आणि ती येईपर्यंत हात जोडून बसणें आम्हां शेतकऱ्यांस शोभणारें नाहीं.

ती हिरवट-पिवळी भुकटी म्हणजे काय, हें आधीं सांगितलें पाहिजे. ॲस्परजिलस फ्लेव्हस नांवाची एक बुरशी आहे. ती मातींत सर्वत्र असते. भुईमूग, मका, सरकी, मिरची, खोबरें हे जिन्नस ओलसर राहिले आणि हवा उबदार असली कीं ती फोफावते व अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उत्पन्न करते. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. रोग कळेना. शेवटीं शोध लागला तो असा कीं, त्यांच्या खाद्यांत ब्राझील देशांतून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि त्या पेंडींत ही बुरशी वाढली होती. तेव्हांपासून शास्त्रास ह्या विषाची ओळख झाली. तें यकृतावर आघात करतें. थोडें थोडें वर्षानुवर्षें पोटांत गेल्यास त्यापासून यकृताचा कर्करोग होऊं शकतो. भाजून, तळून, उकळून तें नाहींसें होत नाहीं. गाईम्हशींनीं तें खाल्लें तर त्याचा कांहीं अंश रूप बदलून दुधांत उतरतो, आणि दूध तापवूनहि तो जात नाहीं.

हें परदेशांतील पक्ष्यांचें झालें. माणसांचें उदाहरण पाहण्यास फार दूर जावयास नको. १९७४ सालीं राजस्थानांतील बांसवाडा आणि त्याला लागून असलेला गुजराथेंतील पंचमहाल ह्या जिल्ह्यांत मक्याचें पीक अवेळीं पावसानें भिजलें. तेथील आदिवासी कुटुंबांच्या घरीं दुसरें धान्य नव्हतें. त्यांनीं तोच मका साठविला व तोच खाल्ला. कावीळ झाली, पोटांत पाणी सांचलें. ३९७ माणसें आजारी पडलीं आणि त्यांपैकीं १०६ दगावलीं. घरच्या कुत्र्यांसहि तोच आजार झाला. त्या गांवांत कोणीं भेसळ केली नव्हती, कोणीं माप मारलें नव्हतें, कोणी लबाड नव्हता. पाऊस, ओला मका आणि दारिद्र्य एवढेंच होतें. आपला भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ सालचा. बांसवाड्याचें संकट आलें तेव्हां तो वीस वर्षांचा झालेला होता. परंतु ह्या १०६ मृत्यूंत त्याला पकडावयास कोणी अपराधी सांपडला नसता.

भेसळीचा कायदा नको असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. १९९८ सालीं दिल्लींत मोहरीच्या तेलांत पिवळ्या धोत्र्याचें तेल मिसळलेलें निघालें. अंगावर सूज येऊन साठांहून अधिक माणसें मेलीं. अशा प्रसंगीं कायद्याचा हात कठोरच असला पाहिजे. २००६ सालीं अन्नसुरक्षा व मानके ह्या नांवाचा नवा कायदा झाला, २००८ सालीं त्याचें प्राधिकरण स्थापन झालें, आणि ५ ऑगस्ट २०११ पासून जुन्या कायद्याच्या जागीं त्याचा अंमल सुरू झाला. नव्या कायद्याची दृष्टि जुन्याहून विशाल आहे, हें कबूल केलें पाहिजे. नुसती भेसळ न पाहतां, अन्न खाण्यास निर्धोक आहे कीं नाहीं, हें तो पाहतो. अफ्लाटॉक्सिनची मर्यादाहि त्याखालीं ठरलेली आहे. धान्यांत व डाळींत किलोमागें १५ मायक्रोग्रॅम, आणि दुधांत अर्धा मायक्रोग्रॅम. शेतकऱ्याच्या मापानें सांगावयाचें तर, हजार टन धान्यांत १५ ग्रॅम आणि हजार टन दुधांत अर्धा ग्रॅम. इतक्या सूक्ष्म विषापुढें डोळा, नाक व जीभ हीं तिन्हीं अपुरीं पडतात.

आतां ह्या नव्या प्राधिकरणानें केलेल्या एका मोठ्या तपासणीचे आंकडे पाहा. २०१८ सालीं त्यानें देशभरांतून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा करून तपासले. दुधांत भेसळ होते अशी ओरड सर्वत्र आहे. तेव्हां भेसळीचे नमुने ढिगानें निघतील असेंच कोणासहि वाटावें. प्रत्यक्षांत प्रकृतीस अपायकारक अशी भेसळ १२ नमुन्यांत निघाली. जनावरांस दिलेल्या प्रतिजैविक औषधांचा अंश ७७ नमुन्यांत मर्यादेपलीकडे होता. आणि अफ्लाटॉक्सिन मर्यादेपलीकडे किती नमुन्यांत? ३६८. बारा कोठें आणि तीनशें अडुसष्ट कोठें! त्या बारांमागें कोणी लबाड मनुष्य असेल. तीनशें अडुसष्टांमागें बुरसलेलें पशुखाद्य आहे. तें कांहीं ठिकाणीं कारखान्यांतून आलें असेल. पण कित्येक ठिकाणीं तें तुमच्या-आमच्यासारख्या साध्या मनुष्यानें आपल्याच घरचें उरलेंसुरलें म्हणून गाईपुढें टाकलें असेल. आमच्या ओसरीवरचीं तीं दोन पोतीं त्याच हिशेबांत धरावयाचीं.

शेतकऱ्याबद्दल कायदा काय म्हणतो, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ह्या कायद्याच्या अठराव्या कलमानें शेतकरी व मच्छीमार, शेतीचीं कामें आणि शेतावरचीं पिकें यांस कायद्याच्या कक्षेबाहेर ठेविलें आहे. ही सवलत योग्यच आहे. तपासनीस बांधाबांधावर फिरूं लागला तर काय होईल, हें सरकारी खात्यांत जन्म काढलेल्या माणसास कोणीं सांगावयास नको. कागद वाढतील, कचेरीच्या खेपा वाढतील, चिरीमिरी वाढेल, आणि बुरशी होती तेथेंच राहील. परंतु कायद्यानें आपणांस मोकळें सोडलें म्हणून आपल्या दाण्यांतलें विष मोकळें सोडीत नाहीं. तें आपल्याच घरच्या वाटींत प्रथम उतरतें.

शिवाय कायद्याचा हात जेथपर्यंत पोंचतो तेथें तो किती उशिरां पोंचतो, हेंहि पाहण्याजोगें आहे. आपला माल आडत दुकानीं जातो. तेथें वीस गांवांचा माल एका ढिगांत पडतो. चांगल्या शेंगेचीं दहा पोतीं आणि भिजक्या शेंगेचें एक पोतें एकत्र झालें कीं अकराहि पोतीं संशयित झालीं. पुढें तो माल ठोक व्यापाऱ्याकडे, तेथून किरकोळ दुकानदाराकडे जातो. अन्नसुरक्षा अधिकारी नमुना घेतो तो बहुधा ह्या शेवटच्या टोंकाला. नमुन्याचा अहवाल देण्यास विश्लेषकाला चौदा दिवसांची मुदत आहे. तोंपर्यंत राहिलेला माल गिऱ्हाइकांच्या पोटांत गेलेला असतो. अहवाल वाईट आला तर दुकानदार ठोक व्यापाऱ्याकडे बोट दाखवितो, तो आडत्याकडे दाखवितो, आणि आडत्याजवळ त्या दिवसाच्या ढिगापलीकडे कांहीं नसतें. तेथें माग तुटतो. ज्या खळ्यांत दोष उत्पन्न झाला त्या खळ्याला त्याची वार्ताहि लागत नाहीं; मग पुढील सालीं तोच दोष पुन्हां उत्पन्न झाला तर नवल तें काय?

येथें आमचे शेतकरी बंधु म्हणतील, "हें सारें आम्हांसच कां सांगतां? शहरांतला गिऱ्हाईक स्वस्त मागतो. निवडलेली शेंग आणि सरसकट शेंग ह्यांच्या भावांत जेमतेम फरक पडतो. दोन पोतीं फेंकून दिलीं तर तें नुकसान कोण भरून देणार?" हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो हलका मानीत नाहीं. आमचीं स्वतःचीं दोन पोतीं आमच्या डोळ्यांपुढें आहेत. परंतु 'शेतकऱ्यास हें जमणारच नाहीं' असें जे कोणी म्हणतात, त्यांस आमचें उत्तर नाशिक व सांगली जिल्ह्यांतील द्राक्षबागाइतदारांनीं केव्हांच देऊन ठेविलें आहे.

युरोपांत फवारणीच्या औषधांच्या अंशांविषयीं नियम फार कडक आहेत. तेथें आपला माल नाकारला जाऊं नये म्हणून २००६ सालीं निर्यात विकासाचें काम पाहणाऱ्या 'अपेडा' ह्या केंद्रीय प्राधिकरणानें द्राक्षांसाठीं ग्रेपनेट नांवाची व्यवस्था सुरू केली. तींत निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी होते. कोणतें औषध कोणत्या दिवशीं किती मारलें, हें बागाइतदार लिहून ठेवतो. काढणीपूर्वीं बागेंतून नमुना घेऊन प्रयोगशाळेंत तपासतात; मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा ह्या कामांत मार्गदर्शक आहे. तपासणींत उतरलेलाच माल पेटींत जातो, आणि परदेशांत पेटी उघडल्यावर ती कोणत्या बागेची हें सांगतां येतें. व्यवस्था असूनहि चूक होते. २०१० सालीं क्लोरमेक्वाट नांवाच्या वाढनियंत्रक द्रव्याचे अंश सांपडून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपांत अडकून पडले आणि बागाइतदारांस जबर ठोकर बसली. पण माग लावण्याची सोय होती म्हणून दोष कोठें आहे तें कळलें, आणि बागाइतदार अधिक सावध झाला.

ह्यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, मराठी शेतकरी वही लिहूं शकतो, औषध मारल्यावर काढणीपर्यंत थांबूं शकतो, आणि आपला माल तपासून घेऊं शकतो. दुसरी, लिहिण्यांत त्याचा लाभ असला म्हणजे तो मनापासून लिहितो. पण एका गोष्टीनें आमचें मन खिन्न होतें. हॉलंडांतील मुलानें खावयाचा द्राक्षाचा घड कोणत्या बांधावरचा, हें आपणांस सांगतां येतें. आणि आपल्या नातवानें प्यावयाच्या दुधामागची पेंड कोणत्या ढिगांतली, हें मात्र सांगतां येत नाहीं. परक्याच्या ताटाची जी काळजी आपण घेऊं शकतों ती घरच्या ताटाची घेऊं शकत नाहीं, असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

बुरशीचें उदाहरण आम्हीं विस्तारानें दिलें, कारण तें आमच्या घरीं घडलें. पण खळ्यावरून आणि बांधावरून ताटांत येणारें संकट एवढेंच नाहीं. जुलै २०१३ मध्यें बिहारच्या सारण जिल्ह्यांतील एका शाळेंत दुपारचें जेवण जेवून २३ मुलें मेलीं. स्वयंपाकाच्या तेलांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक सांपडलें; तेल त्या औषधाच्या रिकाम्या डब्यांत ठेवलें गेलें असावें असा तपास करणाऱ्यांचा तर्क होता. वाचकांनीं आपल्या घराच्या माळ्यावर, गोठ्यांत व विहिरीवर एकवार नजर टाकावी. औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यांत रॉकेल, पाणी, किंवा बीं ठेवलेलें आढळणार नाहीं, अशीं घरें गांवांत किती निघतील? डब्यावरचा रंगीत त्रिकोण विषाची तीव्रता सांगण्यासाठींच छापलेला असतो. त्यांत लाल सर्वांत जहाल. तो डबा धुतल्यानें शुद्ध होत नाहीं. त्याला भोंक पाडून तो निकामी करणें हाच त्याचा शेवट.

तिसरें संकट घाण पाण्याचें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें दूषित अन्नानें जगांत दरसाल सुमारें ६० कोटी लोक आजारी पडतात व ४ लाख २० हजार मरतात. ह्या मृतांत पांच वर्षांखालील बालकें १ लाख २५ हजार असतात. ह्यांतील बहुतेक आजार जुलाब-वांतीचे, म्हणजे जंतूंचे. बाजाराच्या आदल्या सांजेला मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या गांवच्या ओढ्यांत बुचकळून ताज्या टवटवीत करण्याची रीत आपण सर्वांनीं पाहिली आहे. त्याच ओढ्यांत वरच्या अंगाला गांवचें सांडपाणी येतें. कोथिंबीर तर शिजविलीहि जात नाहीं. जुडी धुण्यापुरतें विहिरीचें स्वच्छ पाणी काढण्यास अर्ध्या घटकेचे श्रम पडतात. तेवढे वांचविण्यासाठीं एखाद्या लेंकराला सलाईन लावण्याची पाळी आणावी काय?

आतां व्यवस्थेंत काय सुधारावें, हें सांगतों. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे, कारकून आहों. तेव्हां आमच्या सूचना कारकुनी दृष्टीच्याच आहेत.

पहिली सूचना. पंचनाम्यांत वर सांगितलेला रकाना घालावा. जो शेतकरी बुरसलेला माल खाद्यांत न घालतां पंचांसमक्ष खड्ड्यांत पुरील किंवा खतांत घालील, त्याला त्या मालाची क्विंटलामागें ठराविक भरपाई मिळावी. आज सरकार नुकसानीचे पैसे देतें, आणि नुकसान झालेला माल तरीहि बाजारांत जातो. म्हणजे एकाच ओल्या शेंगेसाठीं सरकारची तिजोरी आणि गिऱ्हाइकाचें यकृत अशीं दोन ठिकाणीं भर पडते. भरपाईला पैसा कोठून आणावा असें कोणी विचारील, तर त्यानें दवाखान्यांत जाणाऱ्या पैशाचा हिशेब आधीं मांडावा.

दुसरी सूचना. प्रत्येक बाजार समितीच्या आवारांत ओलावा मोजण्याचें यंत्र आणि अफ्लाटॉक्सिनची झटपट चाचणी शेतकऱ्यास फुकट किंवा नाममात्र दरानें मिळावी. तिचा निकाल शेतकऱ्याच्या हातीं द्यावा. त्यावरून त्याला दंड होऊं नये. चाचणी म्हणजे खटला असें एकदां ठरलें कीं कोणीहि माल घेऊन तिच्या जवळ फिरकणार नाहीं. उलट, चाचणींत उतरलेल्या मालाचा ढीग वेगळा लावून त्याचा सौदा वेगळा पुकारावा. मग निवड करणाऱ्याच्या श्रमाला मोल येईल, आणि 'भाव मिळत नाहीं' ह्या आक्षेपाचें मूळच तुटेल.

तिसरी सूचना. सुकविण्याची सोय. भुईमुगाची शेंग शेंकडा आठाच्या आसपास ओलाव्यापर्यंत आणि मका बारा-तेरांपर्यंत सुकला म्हणजे ही बुरशी सहसा वाढत नाहीं. गांवोगांवीं सिमेंटचीं खळीं, वर छप्पर, आणि भाड्यानें ताडपत्र्या, एवढ्यानें जें साधेल तें शंभर खटल्यांनीं साधणार नाहीं.

चौथी सूचना नोंदीची. २०२१ सालापासून महाराष्ट्रांत शेतकरी आपल्या पिकाची पाहणी मोबाईलवरून स्वतः नोंदवूं लागला. त्याच नोंदींत शेवटची फवारणी कोणती व केव्हां केली, एवढी एक ओळ घालावी. मात्र येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. चावडींत बसून, बांधावर पाय न ठेवतां भरलेल्या पीकपाहण्या आम्हीं पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या बेरजा खऱ्या मानून वर पाठविल्या आहेत. धाकानें लिहिलेली नोंद नेहमीं सुबक असते आणि पुष्कळदां खोटी असते. म्हणून नोंद करणाऱ्यास तिचा लाभ दिसला पाहिजे, जसा तो द्राक्षबागाइतदारास दिसतो. नाहीं तर आणखी एक रकाना वाढेल, एवढेंच.

पांचवी सूचना आजाराच्या नोंदीची. लग्नांत पन्नास माणसांस वांत्या होतात, डॉक्टर औषध देतो, चार दिवसांनीं लोक विसरतात. कोणत्या पदार्थानें, कोणत्या दुधानें, कोणत्या पाण्यानें, हें कोणी लिहीत नाहीं. अधिसूचना काढून एखाद्या भागांतील डॉक्टरांस अन्नविषबाधेची खबर देणें बंधनकारक करतां येईल, अशी तरतूद कायद्यांत आहेच. ती प्रत्येक तालुक्यांत नित्याची झाली पाहिजे. आणि ती खबर एका टेबलावर न थांबतां आरोग्य, कृषि, पशुसंवर्धन, अन्न व औषध प्रशासन आणि बाजार समिती ह्या सर्वांस एकाच बैठकींत कळली पाहिजे. आज प्रत्येकाचें दफ्तर निराळें आहे. एका दफ्तरांतून दुसऱ्यांत कागद जावयास किती दिवस लागतात, हें आमच्याइतकें कोणास ठाऊक असणार? जंतु मात्र तेवढे दिवस थांबत नाहींत.

सरकार ह्या सूचना केव्हां ऐकेल तें ऐको. आपल्या मंडळानें तोंपर्यंत एवढें तरी करावें : प्रत्येक शाखेनें वर्गणींतून एक ओलावामापक यंत्र व दहा ताडपत्र्या घ्याव्या आणि सुगींत सभासदांस पाळीपाळीनें द्याव्या. प्रत्येक सभासदानें फवारणीची तारीख व औषधाचें नांव वहीच्या एका पानावर लिहावें, आणि लेबलावर दिलेला काढणीपूर्वींचा कालावधि पाळावा. रिकामे डबे भोंक पाडून एका ठिकाणीं जमा करावे. मोड आलेले, सुरकुतलेले, काळवंडलेले दाणे हातानें निवडून काढावे. थोड्याशा वाईट दाण्यांतच बहुतेक विष असतें, आणि ते काढल्यानें राहिलेला ढीग पुष्कळ शुद्ध होतो. ह्यांत कोणाची परवानगी लागत नाहीं.

आमच्या त्या दोन पोत्यांचें काय झालें, हें सांगून हा लेख पुरा करतों. तीं आम्हीं परसांतल्या खड्ड्यांत पुरलीं. घरांत त्यावरून बोलणीं झालीं. आमच्या वडील बंधूंनीं तर आम्हांस वेड लागलें असें चारचौघांत सांगितलें. घाण्यावरून आलेली पेंडहि आम्हीं गाईस न घालतां उसाच्या सरींत घातली. बाजारांत गेलेल्या पोत्यांविषयीं मात्र आम्हांस कांहीं करतां आलें नाहीं. तीं निवडलेलीं होतीं, पण तपासलेलीं नव्हतीं. तीं कोणाच्या घरीं गेलीं, कोणाच्या मुलानें त्यांतली मूठभर शेंग खाल्ली, हें आम्हांस कधींहि कळणार नाहीं. पस्तीस वर्षें दुसऱ्यांच्या नुकसानीचे रकाने आम्हीं भरले. हा आपला एक रकाना मात्र कोराच राहिला. येत्या सुगींत तो कोरा राहूं नये एवढीच इच्छा आहे, आणि ह्या बाबतींत ज्या वाचकांनीं आपल्या गांवीं कांहीं केलें असेल त्यांनीं तें ह्याच पृष्ठांतून सर्वांस कळवावें अशी विनंति आहे.